येसाईचं उघडं पेव

त्या तोंडाच्या एवढ्या कडेला जाऊ नका, साहेब. फोटो इथूनही निघतो. कडेचा मुरूम ढासळतोय, आणि तुम्ही आत पडलात तर तुम्हाला काढायला मी काही उतरणार नाही. माझं वय एक्याऐंशी आहे.

बसा या दगडावर. सोबतच्या पाहुण्यांनाही बसू द्या. खाली रस्त्याकडेला नवं गोदाम झालंय, तुम्ही त्याचे व्यवस्थापक म्हणून आलात, कागदपत्रं घेऊन आलात, चांगलं झालं. पण माळकोठ्यात दुसऱ्याचं धान्य राखायचं असेल तर आधी या माळावर यावं लागतं. तुमच्याआधीचे सगळे आले. काही कुरकुरत आले, पण आले.

हा माळ सगळा मुरमाचा. पाणी थांबत नाही, म्हणून जुन्या लोकांनी इथं पेवं खणली. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं, आत रांजणासारखं मोठं पोट. आतून कडब्याचं अस्तर लावायचं, शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, भरायचा, वर भुसकट टाकायचं, दगड ठेवायचा आणि शेणमातीनं तोंड लिंपून टाकायचं. आत वारा जात नाही, उंदीर जात नाही, किडा जगत नाही. कोरडा शाळू सात-सात वर्षं टिकायचा. अशी एकोणीस पेवं आहेत इथं. अठरांवर दगड आहेत. हे एकच उघडं आहे आणि आम्ही ते बुजवत नाही. का, ते सांगतो. मधे बोलू नका. मला आधीच राग लवकर येतो, त्यात कुणी मधे बोललं की धागा सुटतो.

नेमकं कधी घडलं ते कुणी सांगत नाही. माझा आजा म्हणायचा, त्याच्या आज्याच्याही आधी. त्या काळी गावाचं धान्य राखायला एक माणूस नेमलेला असायचा, त्याला कोठावळा म्हणत. पेव लिंपलं की ओल्या मातीवर तो आपला लाकडी ठसा उमटवायचा. ठसा मोडला म्हणजे पेव कुणीतरी उघडलं, हे आंधळ्यालाही हात लावून कळायचं. ठसा ज्याच्याकडे तो कोठावळा. त्याचं खरं काम मात्र ठशाच्या आधीचं. धान्य आत घेण्यापूर्वी दाणा दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर कोरडा, आत घ्यायचा. चेपला तर ओला, परत पाठवायचा, मग तो कुणाचाही असो. एक ओली पाटी अख्खं पेव नासवते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

हैबती नावाचा कोठावळा होता तेव्हाची ही गोष्ट. बाप लहानपणीच गेलेला, आई येसाईनं वाढवलेला. येसाई स्वतः माळावर यायची, अस्तराचा कडबा निवडायची, भिजका पेंढा दिसला की फेकून द्यायची. लोक म्हणायचे, पोरगं आईवर गेलंय. म्हणणाऱ्यांचं काय जातंय म्हणायला.

आणि गावात एक रीत होती. रीत कसली, खोडच ती. पेवात पहिली पाटी पाटलाची पडायची. मान म्हणून. आता तुम्हीच सांगा, पहिली पाटी जाते कुठं? तळाला. म्हणजे ज्याच्या धान्याला नाव ठेवायची कुणाची छाती नाही, त्याचंच धान्य सगळ्या गावाच्या धान्याखाली. वरून कुणाला दिसायचं नाही, हात पोचायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. मान म्हटलं की आपल्या लोकांची अक्कल चरायला जाते.

त्या वर्षी फाल्गुनात खळ्यावर अवकाळी आला. सगळ्यांचा शाळू भिजला. लोकांनी तो पसरला, उलथापालथ केली, पंधरा-पंधरा दिवस वाळवला. पाटलाच्या घरी मात्र वैशाखात लेकीचं लग्न होतं आणि मांडव खळ्यावरच घालायचा होता. खळं मोकळं करायची घाई. धान्य वाळवायला थांबतो कोण? गाड्या जुंपल्या आणि आणल्या माळावर.

हैबतीनं दाणा दाताखाली धरला. तो चेपला. त्यानं दुसरा धरला, मग तिसरा धरला, असं सांगतात. पाटलाचा कारभारी समोर उभा होता. तो काही बोललाच नाही म्हणे, नुसता उभा होता. आणि हैबती म्हणाला, "ओता."

मला दर वेळी या जागी राग येतो. कुणी काठी उगारली असती, पोराबाळांवर उठेन म्हणून धमकावलं असतं, तर मी म्हणालो असतो, बिचारा काय करेल. कुणी ब्र काढला नाही हो! एक माणूस नुसता उभा राहिला, आणि हा गडी भ्याला. गाड्याच्या गाड्या ओला शाळू पेवाच्या तळाला गेला.

त्याच दिवशी केरूबाई आली. गावाच्या टोकाला राहायची, नवरा पायानं अधू, दोन पोरी, आणि रान म्हणाल तर एक पट्टी. तिच्या पाटीत पुढच्या पेरणीचं बी होतं. तेवढंच होतं तिच्याकडे. हैबतीनं तिचा दाणा दाताखाली धरला. तो कट्ट वाजला, शेजारच्यांनीही ऐकलं. तरी हा म्हणाला, आत ओल असेल, परत ने. ती दुसऱ्या दिवशी आली, पुन्हा परत पाठवली. मी आज्याला विचारलं होतं, असं का केलं त्यानं? आजा म्हणाला, एकीकडे वाकलेला माणूस दुसरीकडे कुठंतरी ताठ उभा राहतोच. केरूबाई बिचारी बी घेऊन इथंच माळावर बसली. आठ दिवस उन्हात पसरून, चिमण्या हाकत बसली. मग हैबतीनं ते घेतलं. सगळ्यांत वर तिचं बी पडलं, लिंपण झालं, ठसा उमटला.

पुढची दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नाही. पहिल्या वर्षी घरातलं पुरलं आणि बाकीची पेवं रिकामी झाली. दुसऱ्या वर्षी मृग कोरडा गेला, हस्तही कोरडा गेला. लोक तरवडाच्या बिया उकडून खायला लागले. तेव्हा गावानं हे शेवटचं, अडीनडीला राखलेलं सगळ्यांत मोठं पेव उघडायचं ठरवलं. पाचशे माणसांचा जीव या एका खड्ड्यात होता.

दगड हलवला आणि आतून वाफ आली. पेवातून वाफ! जाणत्यांची तोंडं तिथंच उतरली. दिवसभर तोंड मोकळं ठेवलं, मग दोरीनं दिवा आत सोडून बघितला, तो विझला नाही तेव्हा माणूस उतरला. वरचं वीतभर धान्य गाठी होऊन बसलेलं, आणि त्याखाली सगळं काळं. आंबूस वास, बुरशीची जाळी. केरूबाईचं बीही त्यातच गेलं होतं.

धान्य नासण्याचं कारण दोघांना ठाऊक होतं, हैबतीला आणि पाटलाला. तर या दोघांनी काय करावं? त्यांनी सांगितलं, विटाळ झाला. केरूबाई आठ दिवस माळावर बसली होती, त्यात तिची अडचण आली असणार, देवी कोपली. अहो, तिला आठ दिवस माळावर बसवली कुणी? यानंच ना? शेण खायचं स्वतः आणि तोंड पुसायचं बाईच्या पदराला! पण चावडीत हे विचारणारा एक निघाला नाही. असं ठरलं की केरूबाईच्या कुटुंबाला शिवेबाहेर काढायचं, देवीला बकरं द्यायचं, मग धान्य धुऊन, उन्हात वाळवून गावात वाटायचं. म्हणजे बाई गेली की बुरशी जाणार होती. लोकांनी माना डोलावल्या. पोटात काही नसलं की हो म्हणायला सोपं जातं.

केरूबाईला मात्र एक गोष्ट कळली होती. पेवाच्या तोंडाशी सांडलेल्या काळ्या गाठी तिच्या शेळीनं खाल्ल्या होत्या आणि संध्याकाळपर्यंत शेळी तोंडाला फेस येऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी तिला शिवेबाहेर घालवायला लोक जमले, तेव्हा ती आपल्या दोन्ही पोरींना घेऊन चालत इथं माळावर आली. सगळं गाव मागून आलं. तिनं रडारड केली नाही, पाया पडली नाही. म्हणाली, "म्या जाती. पन आदी ह्या दान्याची येक भाकर कोठावळ्यानं खावी. त्यानं राखलंय, त्यानंच पयली खावी. मग गावानं खावी."

आता याला नाही कसं म्हणणार? तिनं तळातली ओंजळ काढायला लावली, सगळ्यांसमोर दळली, तीन दगडांची चूल मांडली आणि भाकर थापली. पीठ काळपट, भाकरीच्या कडा फुटलेल्या. पळसाच्या पानावर ठेवून तिनं ती हैबतीच्या पुढ्यात सरकवली. हैबतीनं पाटलाकडे बघितलं. पाटील आपल्या वहाणांकडे बघत होता.

मग मागून येसाई आली. लोकांना बाजूला करत आली आणि पानासमोर मांडी घालून बसली. म्हणाली, "माज्या पोरानं राखलंय न्हवं? मग आईनं खाल्लं म्हून काय बिघडतंय?" तिनं तुकडा मोडला आणि खाल्ला. दुसरा मोडला. तेव्हा हैबतीनं तिचं मनगट धरलं.

"आई, नगं खाऊ. ओलं व्हतं. पाटलाचं ओलं व्हतं, मला ठावं व्हतं."

सगळ्या गावानं ऐकलं. आता पुढचं नीट ऐका, कारण इथं बाहेरचे लोक चुकतात. त्यांना वाटतं, सत्य बाहेर आलं, म्हातारी उठली असेल. नाही उठली. येसाईनं मनगट सोडवून घेतलं आणि उरलेली भाकर शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मीही लहानपणी आज्याला विचारलं होतं, अहो पण आता कशाला? आजा म्हणाला, एका निरपराध बाईला शिवेबाहेर काढताना हा गप्प होता. पाचशे माणसं विष खायला निघाली तेव्हाही गप्प होता. स्वतःच्या आईच्या घशाखाली घास उतरला तेव्हा याला तोंड फुटलं. येसाईला ते कळलं. ती भाकर तिनं रागानं खाल्ली.

तिसऱ्या दिवशी ती गेली. उपाशी म्हातारं शरीर आणि त्यात ते काळं धान्य. जाण्याआधी तिनं लाकडी ठसा मागवून घेतला आणि केरूबाईच्या हातात दिला. म्हणाली, "ह्याच्या हातात पुन्ना देऊ नगा. आन उद्या ज्याला द्याल, त्याच्या आईला आदी इचारा. पोर कसलं हाय ते तिला ठावं असतंय."

गाव कसं जगलं म्हणता? पाटलाच्या वाड्यात भिंतीच्या पोटात बळद होतं, धान्यानं गच्च भरलेलं. दोन वर्षं लोक तरवडाच्या बिया खात होते आणि याच्या भिंतीत शाळू होता. तेराव्याला गावातल्या बाया केरूबाईच्या मागून वाड्यात शिरल्या आणि त्यांनी बळद फोडलं. पाटील दारात उभा होता म्हणे. या वेळी नुसत्या उभं राहण्याला कुणी भ्यालं नाही. पाऊस येईपर्यंत ते बळद रितं झालं नाही. लोक याला येसाईचा चमत्कार म्हणतात. मी म्हणतो, कसला चमत्कार, बळद मोठं होतं.

हैबती पुढं बरीच वर्षं जगला. याच माळावर दगड वाहायचा, अस्तराचा कडबा आणायचा, पण दाण्याला दात लावायची त्याला मुभा नव्हती. हे पेव बुजवावं म्हणून तोच मागं लागला होता. केरूबाई नको म्हणाली. तिचं म्हणणं, बुजवलं की दोन पिढ्यांत सगळे विसरतील आणि पहिली पाटी पुन्हा मानाची होईल. ते खरंच होतं. आपल्या लोकांना मी ओळखतो.

तेव्हापासून पहिली पाटी गावात ज्याचं रान सगळ्यांत कमी त्याची. आणि ठसा कोठावळ्याला देत नाहीत, त्याच्या आईच्या पुढ्यात ठेवतात. आई नसेल तर बायको, बहीण, लेक, जी त्याच्या घरात भाकरी थापते ती. ती आत आलेल्या धान्यातला तिला हवा तो दाणा उचलते, दाताखाली धरते, आणि मग ठसा पोराला देते किंवा देत नाही. पेवं गेली, कोठारं आली, ठशाच्या जागी किल्ली आली. रीत तीच राहिली.

सरपंच सांगत होते की सकाळी तुम्ही या रीतीला हसलात. यंत्र आहे म्हणालात, दाण्यातला ओलावा काट्यावर दाखवतं. परवाना आहे, विमा आहे, तपासणी आहे. गोदामाच्या पावतीवर बँक शेतकऱ्याला पैसे देते, पडत्या भावात माल विकावा लागत नाही. मी याच्या विरोधात नाही. मला म्हातारा खुळा समजू नका, या गोदामासाठी मीही तालुक्याला खेटे घातलेत. तुमचं यंत्र खोटं बोलत नाही, मान्य. पण ते कुठल्या पोत्यात खुपसायचं आणि कुठल्या पोत्यापाशी आभाळाकडे बघायचं, हे माणूसच ठरवतो ना? हैबतीचे दात काय खोटं बोलले होते?

तुमच्याजवळ हे इतकं तोंड टाकून का बोलतोय, तेही सांगतो. चाळीसएक वर्षांपूर्वी सोसायटीचं पहिलं गोदाम झालं. त्याची किल्ली मला मिळायची होती. मी शिकलेला, हिशोबी, तोंडाचा तिखट, गावानं एकमतानं नाव घेतलं. आदल्या दिवशी माझ्या मेव्हण्यानं तुरीची वीस पोती आणली. तूर जरा ओली होती. मी हात घातला, मला कळलं. पण बायकोचा भाऊ, घरी जेवायला बसणारा माणूस. तो काही बोललासुद्धा नाही. मी म्हणालो, लावा थप्पीला. त्याच सकाळी एका गरिबाची कोरडीठाक पोती मी उन्हात पसरायला लावली होती, तेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव जमलं. ताटात किल्ली ठेवली, ताट माझ्या आईपुढं ठेवलं. आई उठली, थप्पीपाशी गेली, आणि वीसांतल्याच एका पोत्यातून तिनं दाणा काढला. दाताखाली धरला. थुंकला. मग किल्लीचं ताट पंचांकडे सरकवून म्हणाली, "ह्याला देऊ नका." एवढंच बोलली आणि घरी गेली, भाकरी करायला.

भर गावात, साहेब. जन्म दिलेल्या आईनं.

आजही पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी गोदामासमोर घोंगडं अंथरतात, ताटात किल्ली ठेवतात आणि किल्ली घेणाऱ्याच्या घरच्या बाईची वाट बघत सगळं गाव बसतं. तुमच्या आई लातूरला असतात असं ऐकलं. गुडघे दुखत असतील तर गाडी पाठवतो, घेऊन या त्यांना. त्यांनी दिली तर किल्ली तुमची, मग तुमच्या यंत्राला आमच्यातला कुणी आडवा येणार नाही. आणि त्या नको म्हणाल्या, तर घरी जाऊन त्यांच्यावर डाफरू नका. त्यांच्या हातचं जेवा. मी माझ्या आईशी बोलणं टाकलं होतं. आज बोलू, उद्या बोलू करत चार वर्षं गेली, आणि एका दुपारी शेतात निरोप आला की ती गेली.